ब्रेकची रबरी नळी : चाकामागे वाकून बघायची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपली गाडी, आपल्या हाती’ या मालिकेत केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मागच्या वेळी आपण टायरमधल्या हवेविषयी बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांतल्या ताईंनी निरोप पाठवला, की हवा कळली, आता ब्रेकचं सांगा. ब्रेक हा मोठा विषय आहे, एका बैठकीत संपायचा नाही. म्हणून आज त्यातली एकच वस्तू घेते. ही वस्तू काहीही न उघडता, हाताला काळं न लावता आपल्याला बघता येते, आणि तरी ती सहसा कुणी बघत नाही. चाकामागची रबरी नळी. गॅरेजमध्ये तिला होज पाइप म्हणतात. आपण होज म्हणू.

घरातली गॅसची नारंगी नळी आठवा. ती पाच वर्षांनी बदलायची, हे आपल्याला पाठ आहे. मधूनमधून आपण ती वाकवून बघतो, चिरली का, उंदरानं कुरतडली का. रेग्युलेटरच्या पुढे त्या नळीत गॅसचा दाब असतो अगदी थोडा. आता ब्रेकचा होज बघा. टायरमध्ये आपण साधारण ३० पौंड हवा भरतो. जोरात ब्रेक मारला की होजमधला दाब १,००० पौंडांच्या घरात जातो, कधी त्याच्याही वर. ऊन, चिखल, उडणारे खडे, वळणावर होणारी ओढाताण, हे सगळं तो वर्षानुवर्षं सोसतो. पण गॅसच्या नळीला जी किंमत आपण देतो, ती ह्याला देत नाही.

मीही देत नव्हते. माझी गोष्ट सांगते, मग पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या गटाचा मसाला आणि पापड-कुरडया पाचगणीच्या दुकानांत जातात. आम्ही वाईच्या बाजूचे. घरची व्हॅन आहे, सेकंडहँड घेतलेली. मालक नोकरीला, म्हणून मीच गाडी शिकले आणि माल पोचवायला लागले. एका उन्हाळ्यात माल देऊन पसरणीच्या घाटानं खाली येत होते. शेजारी जाऊबाई, मागे माझी धाकटी आणि रिकामे क्रेट. अर्धा घाट उतरला असेल. एका वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला, तर पायडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. अगदी तळाशी थोडं अडकलं, गाडी जराशी ओढली, पण थांबेना.

जाऊबाई म्हणाल्या, “अगं, हळू घे की!” मी काय सांगणार? पायडल भराभर मारलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि डोंगराच्या बाजूला गटारीत चाक घालून गाडी उभी केली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. धाकटी झोपली होती, तिला जागही आली नाही. माझे पाय मात्र पुढचा अर्धा तास थरथरत होते.

उतरून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली. चाकामागचा होज वरच्या टोकाशी, जिथं तो लोखंडी नळीला जोडलेला असतो, तिथं फाटला होता. आणि ह्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आधीच्या दोन महिन्यांत ब्रेक ऑइल दोनदा कमी झालं होतं. दोन्ही वेळा मी गॅरेजात नेलं. दोन्ही वेळा मिस्त्रींनी वरून ऑइल भरलं आणि म्हणाले, “काय नाय वहिनी, कमी हुतंय कधीकधी. बिनघोर जावा.” मी पैसे दिले आणि गेले. ऑइल गेलं कुठे, हे त्यांनी बघितलं नाही, मी विचारलं नाही. घरात पाण्याच्या टाकीतलं पाणी आपोआप कमी व्हायला लागलं तर आपण वरून बादली ओतून गप्प बसतो का? नळ, सांधे, भिंतीची ओल, सगळं धुंडाळतो.

एक खुलासा करते. पुढचे ब्रेक पॅड झिजत जातात तसं डबीतलं ऑइल महिन्यामहिन्यानं किंचित खाली जातं, ते चालतं. पण भरल्यावर पुन्हा खाली गेलं, तर ते कुठून तरी गळतंच आहे.

आता हा होज करतो काय, ते बघू. दोन सिरिंज घ्या, सुया काढून टाका, मध्ये सलाईनची पातळ नळी जोडा आणि आत पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. ब्रेक म्हणजे हेच. तुमच्या पायाखालचा दट्ट्या मास्टर सिलिंडरमध्ये, दुसरा दट्ट्या चाकापाशी, आणि मध्ये पाण्याऐवजी ब्रेक ऑइल. पातळ पदार्थ दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली की आकसते. त्या सिरिंजमध्ये हवेचा एक मोठा बुडबुडा राहू द्या आणि परत दाबून बघा, दट्ट्या मऊ लागेल. ब्रेकमध्ये हवा शिरली की पायडल असंच स्पंजासारखं लागतं. आमच्या गटात मी हा प्रयोग केला तेव्हा दहावीतल्या पोरींपेक्षा आज्यांना जास्त मजा आली.

मास्टरपासून चाकाकडे जाणारी बहुतेक वाट लोखंडी नळीची असते. पण चाक वरखाली हलतं, पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं, आणि लोखंडी नळी तशी वाकली तर मोडेल. म्हणून शेवटचा हातभर किंवा त्याहून कमी भाग रबरी ठेवतात. आत रबराची नळी, तिच्यावर विणलेल्या धाग्याचं जाळं, वर पुन्हा रबर. दाब सोसतं ते मुख्यतः मधलं जाळं. वरचं रबर त्या जाळ्याला पाण्यापासून आणि घासण्यापासून वाचवतं. पुढे दोन चाकांना दोन होज असतात. मागे काही गाड्यांत दोन, आणि मागचा धुरा अखंड असलेल्या गाड्यांत बहुधा मध्यभागी एकच. आपल्या गाडीला किती आहेत, ते एकदा मोजून ठेवा.

आणि मग माझी गाडी तळाशी का होईना, थोडी ओढली कशी? मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे कप्पे असतात. एका कप्प्याच्या वाटेवर गळती झाली तरी दुसरा कप्पा आपली चाकं धरतो. पायडल खूप खाली जातं, जोर अर्धा राहतो, पण काहीच राहत नाही असं होत नाही. हँडब्रेक तर वेगळाच, तो तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. म्हणून कधी अशी वेळ आलीच, तर पायडल पुन्हा पुन्हा मारा, गिअर खाली आणा, आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. इंजिन बंद करू नका, नाहीतर ब्रेकला मदत करणारा बूस्टर थोड्याच वेळात लंगडा पडतो आणि स्टिअरिंगही जड होऊ शकतं.

आता बघायचं कसं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. जॅक लावायचा नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या चाकामागची जागा मोकळी होते. मोबाईलच्या उजेडात वाकून बघा. करंगळीएवढा जाड काळा होज दिसेल. गाडी नुकतीच चालून आली असेल तर डिस्क तापलेली असते, तेव्हा थोडं थांबा.

उन्हात पडलेली जुनी ड्रिपची नळी किंवा फवारणी पंपाचा पाइप तुमच्या नजरेत असेलच. वाकवला की बारीक बारीक भेगा उघडतात. होजही हातानं हलकेच वाकवून तसाच बघा, आणि दोन्ही टोकं मुद्दाम बघा. धातूची टोपी संपून रबर सुरू होतं ती जागा सगळ्यात आधी चिरते. भेगेतून आतलं धाग्याचं जाळं दिसलं, तर बोलणंच संपलं, होज बदलायचा. वरवरच्या बारीक रेषा असतील तर मिस्त्रींना दाखवा. फार जुना होज असेल तर मी म्हणते बदलाच. एका होजला काही शे रुपये पडतात, टायरच्या मानानं किरकोळ.

ओलावा बघा. पाणी आणि ब्रेक ऑइल ह्यांतला फरक बोटाला कळतो. ऑइल बुळबुळीत लागतं आणि सुकत नाही, त्याच्यावर धूळ बसून चिकट काळा थर होतो. बोट लगेच साबणानं धुवा. मग घासल्याच्या खुणा बघा. स्टिअरिंग दुसऱ्या टोकाला वळवून परत बघा, होज टायरला किंवा चाकाच्या रिमला लागतोय का. एका बाजूला रबर गुळगुळीत चमकत असेल तर तिथं तो घासतोय. माझा होज असाच गेला. आधीच्या मालकानं मापापेक्षा रुंद टायर टाकले होते आणि होज धरून ठेवणारी पत्ती कधीतरी निघून पडली होती.

यानंतरचं काम दोघींनी करायचं. एक जण गाडीत बसून, इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक जोरात दाबून धरेल. दुसरी बाजूला बसून होजकडे बघेल. कुठे फुगा आला, तर आतलं जाळं तुटलेलं आहे. त्या गाडीनं घाट तर सोडाच, बाजारसुद्धा करू नका. बघणारीनं गाडीखाली शिरायचं नाही, चाकाच्या पुढे-मागेही बसायचं नाही. मागच्या धुऱ्यावरचा होज बघायला खाली जावं लागतं, ते गॅरेजमध्ये गाडी वर घेतल्यावर बघून घ्या.

एक दुखणं मात्र डोळ्यांना दिसत नाही. वरून होज ठणठणीत, पण आतलं रबर सुजून वाट अरुंद झालेली असते. पाय जोरात दाबतो म्हणून ऑइल चाकाकडे जातं, पण पाय काढल्यावर परत यायला जोर पुरत नाही. चाक धरलेलं राहतं. गाडी एका बाजूला ओढते, डिझेल-पेट्रोल जास्त खाते, आणि फेरीनंतर एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागतं. रिमला हात चिकटवू नका, जवळ नेला तरी धग कळते. गॅरेजमध्ये बहुधा लगेच म्हणतात, कॅलिपर जाम झालाय, नवीन टाका. होऊ शकतं तसंही. पण नवीन कॅलिपर महाग, म्हणून आधी एक तपासणी करून मागा. चाक उचलून ब्रेक दाबून सोडायचा. चाक फिरत नसेल तर होजचं वरचं टोक, लोखंडी नळीकडचं, किंचित ढिलं करायचं. तिथं दाब सुटून चाक मोकळं झालं, तर दोष वर, मास्टरकडे. तिथं मोकळं झालं नाही, पण चाकाजवळचं निप्पल उघडल्यावर झालं, तर वाट होजमध्ये अडली आहे. दोन्हीकडून मोकळं झालं नाही, तरच कॅलिपरकडे वळायचं. आमच्या शेजारच्या भाऊजींची गाडी अशीच होजवर सुटली.

होज बदलणं आपण घरी करावं का? माझं स्पष्ट मत, नको. काम अवघड नाही, पण चुकलं तर दुसरी संधी मिळत नाही. आपण शेजारी उभं राहून बघायचं, आणि बघायचं तर काय बघायचं हे माहीत हवं.

गाडी जॅकवर उचलली की खाली लोखंडी घोडी लावलेली हवी, नुसत्या जॅकवर काम नको. जुना सांधा आधी ब्रशनं साफ करून गंज सोडवणारं औषध मारतात आणि थोडं थांबतात. लोखंडी नळीचा नट मऊ असतो. साधा फिक्स पाना घसरला की त्याचे कोपरे गोल होतात आणि मग नळीही बदलावी लागते. त्यासाठी नटाला चारी बाजूंनी धरणारा, तोंडाला चीर असलेला पाना मिळतो. नट फिरवताना होजचं टोक दुसऱ्या पान्यानं धरायचं, नाहीतर लोखंडी नळी पिळवटते. काही गाड्यांत चाकाकडचं टोक पोकळ बोल्टनं बसतं, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. ते दर वेळी नवे लागतात. जुनेच परत बसवताना दिसले तर हटका. होज बसवून झाल्यावर तो पिळलेला नसावा. काही होजवर उभी रेघ असते, ती सरळ दिसली पाहिजे. धरून ठेवणारी पत्ती जागेवर हवी. आणि एका बाजूचा गेला असेल तर समोरच्या चाकाचाही बदला, दोघांनी ऊन-पाऊस सारखाच खाल्लेला असतो.

अजून एक सांगते, कारण हे मी स्वतः तीन ठिकाणी बघितलंय. ब्रेक पॅड बदलताना कॅलिपर काढून होजवर लोंबकळत सोडतात. कॅलिपर जड लोखंडाचा, त्याच्या ओझ्यानं होज आतून तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. कॅलिपर तारेनं वर बांधायचा असतो. तुम्ही नुसतं “भाऊ, तार देऊ का बांधायला?” असं म्हटलंत तरी मिस्त्री समजून जातात.

होज काढला की आत हवा शिरतेच, ती काढावी लागते. एक जण पायडल तीन-चारदा दाबून दाबलेलं धरतो, दुसरा चाकाजवळचं निप्पल उघडतो, पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे येतात. निप्पल बंद केल्यावरच पाय उचलायचा, आधी उचलला तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालतं, आणि तोवर वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही. एबीएस असलेल्या काही गाड्यांना हवा काढायला यंत्र जोडावं लागतं, त्यांचं काम तसं यंत्र असलेल्या ठिकाणीच करा.

ऑइल कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. बाटली सीलबंद आणा, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्‌महिने अर्धी उघडी राहिलेली बाटली वापरू नका. पाणी ओढलेलं ऑइल घाटात तापून उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होऊन पायडल मऊ पडतं, होज नवा असला तरी. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं तेल त्या डबीत गेलं तर आतली सगळी रबरं फुगतात, आणि खर्च होजवर थांबत नाही. पावसाळ्याआधी गाडी खालून धुऊन डिझेल नाहीतर जुनं ऑइल फवारतात ना, गंज लागू नये म्हणून? तेही होजवर उडवू देऊ नका.

काढलेलं ऑइल पाण्याच्या बाटलीत भरून घरी आणू नका. ते विषारी आहे आणि लहान मूल सरबत समजून तोंडाला लावेल. विहिरीकडे, शेतात ओतू नका. गॅरेजमध्येच ठेवायला सांगा. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, रंग उतरतो.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी गाडीत बसा. इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाचदा दाबा, ते दगडासारखं घट्ट झालं पाहिजे. दाबून धरलेलं हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळतंय. आता दाबलेलंच ठेवून इंजिन चालू करा, पायडल किंचित खाली येऊन थांबेल. ती बूस्टरची खूण, घाबरू नका. हँडब्रेक सोडल्यावरही तांबडा दिवा लागून राहिला तर गाडी हलवू नका. मग उतरून प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज मोकळा आहे का बघा. आधी मोकळ्या जागेत बैलगाडीच्या चालीनं ब्रेक मारून बघा, मग रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतली पातळी परत बघा.

जुना होज मागून घ्या. बिल घ्या. नवा होज बंद पाकिटातून निघताना तुमच्या डोळ्यांसमोर निघू दे, त्यावरचं नाव आणि बनवल्याची तारीख वाचा. मी पहिल्यांदा जुना होज मागितला तेव्हा मिस्त्री हसले, “वहिनी, ह्याची भाजी करताय व्हय?” दिला मात्र. मी तो ब्लेडनं उभा चिरून आतलं जाळं गटातल्या बायकांना दाखवलं. तो अजून आमच्या बैठकीच्या पेटीत आहे, आणि गाडी घेणारी कुणीही आली की तिच्या हातात आधी तोच देतो.

पुढच्या वेळी हँडब्रेकची तार आणि मागची लायनर घेऊ. तोवर गाडी उभी असेल तेव्हा स्टिअरिंग वळवा आणि मोबाईलचा उजेड पाडून बघा. काय दिसलं ते गटाच्या वहीत लिहून ठेवा, तुमचे प्रश्न त्यातूनच घेईन. नमस्कार.